जागाच आहे गं

मी बस चालवते. सकाळची पाळी असली की सगळी आळी झोपलेली असताना घर सोडायचं, संध्याकाळची असली की गार जेवण जेवायचं, हे ठरलेलं. आमच्या धंद्यात झोप म्हणजे खून. स्टिअरिंगवर एक डुलकी लागली तर मागे बसलेल्यांचं काय होईल, या धास्तीत मी इतकी वर्षं काढली, की झोपाळू माणूस दिसला तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि देवाने मला बाप कोणता द्यावा? तर आमचे बाबा.

बाबा गाद्या शिवायचे. दुकानात गिऱ्हाईक यावं, तर नव्या कोऱ्या गादीवर बाबा आडवे. "माल तपासतोय," असं म्हणून उठायचे, आणि गिऱ्हाइकालाही ते पटायचं. जेवताना घास हातात धरून झोपायचे. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना झोपले, आणि ते लग्न मोडलं तेव्हाही झोपलेलेच होते. आई म्हणायची, "यांना भिंतीला टेकवलं तर भिंत उभी राहील, हे झोपतील."

आता हे घरात ठीक आहे. पण आमच्या चर्चमध्ये बाबांकडे काम कोणतं होतं ते ऐका. चर्चमध्ये एक जुना ऑर्गन आहे, आणि तो आई वाजवायची. त्याला हवा पुरवणारी मोटर मी शाळेत असताना जळाली. मंडळीच्या दर वार्षिक सभेत "पुढच्या वर्षी बघू" असं एकमताने ठरतं, त्यामुळे तेव्हापासून मागच्या बाजूला बसून एक लाकडी दांडा हाताने वरखाली करावा लागतो. दांडा हलला की भात्यात हवा भरते, हवा असली की ऑर्गन वाजतो. दांडा थांबला की सगळं थांबलं. तो दांडा बाबांचा. ऑर्गनच्या मागे एक बोळकांडी, तिथे स्टूल, स्टुलावर बाबा. मंडळीला पुढे बसलेली आई दिसायची, तिचा ताठ कणा, वर बांधलेले केस. बाबा कुणालाच दिसायचे नाहीत, आणि त्यांना तेच बरं वाटायचं.

गाण्याच्या आधी पाळकांची मोठी प्रार्थना असते. आमचे पाळक माणूस सोन्यासारखा, पण प्रार्थना आवरत नाही. आजाऱ्यांसाठी, विधवांसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी, प्रवासाला निघालेल्यांसाठी. प्रवासी येईपर्यंत बाबा मागे डाराडूर. मग "आमेन" व्हायचं, सगळे उभे राहायचे, आई दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवायची, आणि ऑर्गनमधून पोट बिघडल्यासारखा एक आवाज निघून विरून जायचा. आई मान न वळवता बुटाच्या टोकाने खालच्या फळीवर दोनदा मारायची. ठक, ठक. आणि मागून बाबांचा आवाज सगळ्या चर्चला ऐकू यायचा, "जागाच आहे गं!"

मंडळी फुटायची हसून. एकदा मोठे धर्मगुरू पाहुणे म्हणून आले होते, त्यांच्यासमोरही तेच. शाळकरी पोरं बाबांना डुलकीकाका म्हणायची. मी लाजेने खाली मान घालायची. आई मात्र हसू दाबत वाजवायला लागायची, आणि तिची पाठ हलताना दिसायची.

बाबांनी चारचौघांत कधी प्रार्थना केली नाही. कुणी आग्रह केला की त्यांना दरदरून घाम फुटायचा. मी एकदा डिवचलं, "बाबा, एवढी वर्षं चर्चला येता, दोन वाक्यं येत नाहीत?" तर म्हणाले, "प्रार्थना तुझी आई करते. मी हवा देतो." आणि मग थोड्या वेळाने, मी न विचारताच, "माझा विश्वास म्हणजे तो भाता आहे बघ. हलवला की फुगतो, सोडला की बसतो. तुझ्या आईचं तसं नाही."

मलाही तसंच वाटायचं. आईचा विश्वास म्हणजे दगडावरची रेघ. म्हणून ती आजारी पडली आणि डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं की हृदय थकलंय, आता फार दिवस नाहीत, तेव्हा मला वाटलं होतं आई शांतपणे ऐकून घेईल. तिने ऐकून घेतलंही. पण मी तिचे केस विंचरत असताना ती हळूच म्हणाली, "मला भीती वाटते गं."

माझा हात थांबला.

"देव आहे, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण त्याचा हात दिसत नाही ना. शेवटी डोळे उघडले आणि खोलीत कुणीच नसलं तर?"

बाबा खिडकीपाशी उभे होते. ते आले आणि खाटेच्या कडेला बसले. आईने त्यांचा हात धरला. "अहो, मी जाताना तुम्ही जागे राहा. बाकी काही नको मला. डोळे उघडले की तुम्ही जागे दिसा."

"राहीन," बाबा म्हणाले.

"नक्की?"

"नक्की गं."

मी गप्प बसायला हवं होतं, पण मी बोललेच. "आई, दुसरं काहीतरी माग. हे यांना जमायचं नाही." आई हसली. बाबा हसले नाहीत. बाबांनी एखादी गोष्ट हसण्यावारी नेली नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवसापासून बाबांनी जिवाचं रान केलं. वॉर्डात आईच्या खाटेजवळ एकच खुर्ची होती. ते तिच्यावर बसायचेच नाहीत, बसलं की झोप येते म्हणून. उभे राहायचे. नळाखाली डोकं धरायचे, मान ओली, शर्ट ओला. मिरी चघळायचे. बुटात खडे घालून येरझारा घालायचे. नर्सना आईनेच सांगून ठेवलं होतं, "यांचा डोळा लागला तर उठवा हं," आणि सगळ्या वॉर्डाला ते माहीत झालं होतं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी तर पहारेकरी नेमल्यासारखी बाबांवर नजर ठेवायची. डोळे जरा मिटले की ओरडायची, "ओ गादीवाले!"

मी म्हटलं, "बाबा, पाळी लावू. माझी ड्यूटी सुटली की मी बसते, तुम्ही घरी जाऊन पडा."

"नाही."

"अहो, माणूस आहात का कोण? असं किती दिवस चालेल?"

"मी शब्द दिलाय," ते म्हणाले. "आणि तू असताना ती गेली, तर?"

एका सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी मी डबा द्यायला गेले, तर ते व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं झोपेत बडबडतायत. जवळ गेले तर ऐकू आलं. "मला ओळखतोस ना तू? माझ्याच्याने नाही होत. तुला माहीत आहे नाही होत. मी दुसरं काही मागितलं का कधी? तेवढे डोळे उघडे ठेव. तेवढंच."

मी पाय न वाजवता मागे फिरले. बाबांना प्रार्थना करताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बस चालवताना मीसुद्धा सिग्नलला थांबले की म्हणत होते, ऐक त्यांचं, एवढं तरी ऐक.

नाही ऐकलं.

भर दुपारी गेली आई. जेवणाच्या गाड्या निघून गेल्यानंतर, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, वॉर्डात सगळीकडे उजेड. मी पाळी संपवून डेपोतून तशीच, गणवेशावर आले. लांबूनच दिसलं. आईचा चेहरा मी ओळखला, म्हणजे तो आता कसला चेहरा आहे ते ओळखलं. आणि बाबा त्या खुर्चीवर बसलेले, डोकं खाटेवर टेकलेलं, आईचा हात त्यांच्या केसांवर. तोंड उघडं. घोरत होते.

मी बापाला खांद्याला धरून गदागदा हलवलं.

"झोपलात? बाबा! आजसुद्धा झोपलात तुम्ही?"

ते दचकून उठले, आणि सवयीने तोंडातून निघालंच, "जागाच आहे..." मग त्यांनी आईकडे बघितलं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. एक गोष्ट मागितली होती तिने. आयुष्यभर तुमचा भार वाहिला तिने आणि एक गोष्ट मागितली. तोंडाचा पट्टा सुटला की माझा मलाच आवरत नाही. वॉर्डातली एक चष्मेवाली नर्स मध्ये पडली, "अहो ताई, जरा ऐका तर," असं म्हणत राहिली. मी तिलाही झाडली, "तुम्हाला उठवायला सांगितलं होतं ना? काय करत होता तुम्ही?" ती बिचारी गप्प झाली. आईचा हात बाबांनी चादरीत नीट ठेवला, बोटं सरळ केली, आणि खाली मान घालून उभे राहिले.

आईची बहीण लांबून यायची होती म्हणून अंत्यविधी एक दिवस पुढे ढकलला. तोवर घरात आम्ही दोघं. बाबा झोपेनात. आता झोपायला कुणाची हरकत नव्हती, तर झोपेनात. घरभर गाद्या, आणि हे स्वयंपाकघरातल्या लाकडी बाकावर पाठ ताठ करून बसलेले. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. मी चहा पुढे ठेवायची, तो गार व्हायचा. बोलायचं होतं मला. पण काय बोलणार? माझा राग गेला नव्हता, आणि तो बाबांवर जितका होता तितकाच देवावर होता. असल्या माणसाने हात जोडून एवढीशी गोष्ट मागावी आणि तीही देऊ नये?

पाळक आले. बाबांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "काका, उद्या दांड्यावर तुम्हीच बसाल ना? त्यांना आवडलं असतं."

"नाही," बाबा म्हणाले. "दुसरं कुणी बघा."

"अहो, पण..."

"ज्याला बायकोसाठी घटकाभर जागता आलं नाही, त्याने देवाच्या घरात कशाला बसायचं?" बाबांचा आवाज अगदी साधा होता, गादीचं माप सांगावं तसा. "मी मागितलं होतं. मनापासून मागितलं. माझ्यात खोट आहे म्हणून दिलं नसेल. तिच्यासारख्यांचं ऐकतो तो. मी मागे बसणारा."

पाळक म्हणाले, "काका, प्रभूला पकडून नेलं त्या रात्री बागेत त्याने शिष्यांना जागं राहायला सांगितलं, तेही झोपलेच की."

"हो. पण त्यांचा प्रभू तिसऱ्या दिवशी उठला. माझी बायको उठणार आहे का?"

"उठेल," पाळक म्हणाले. त्यांचा आवाज हलला, पण म्हणाले. "शेवटच्या दिवशी उठेल."

बाबांनी लाल डोळे चोळले. "तेव्हा तरी मला कुणी हलवून उठवा म्हणजे झालं," ते म्हणाले, आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागले. पाळकही रडले. मी चुलीपाशी पाठ करून उभी राहिले, कारण मला रडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं. आईची शवपेटी पुढे ठेवली होती. ऑर्गनवर पाळकांची बायको, आमच्या पाळकबाई, बसणार होत्या. त्यांना ऑर्गन येतो म्हणजे काय, ऑर्गन त्यांना सहन करतो. दांड्यावर गायनवृंदातला एक जण बसला होता. बाबा पहिल्या बाकावर यायलाही तयार नव्हते, दाराबाहेर पायरीवरच उभे होते, आणि मी त्यांना आत ओढायला गेले होते. तेवढ्यात फाटकातून चष्मेवाली नर्स आली. साध्या कपड्यांत होती, मी आधी ओळखलंच नाही.

"तुमचा पत्ता वॉर्डातून घेतला," ती मला म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. मला हे सांगितल्याशिवाय चैन पडेना." मग ती बाबांकडे वळली. "काका, तुम्ही झोपलेले असताना त्या जाग्या होत्या."

बाबांनी मान वर केली.

"मी औषध द्यायला आले तर त्यांचा श्वास बदललेला होता. मी ओळखलं. तुम्हाला उठवायला हात पुढे केला, तर त्यांनी मानेने नको म्हटलं. मी म्हणाले, मावशी, तुम्हीच सांगून ठेवलंय ना? तर म्हणाल्या, 'झोपू द्या. फार जागलेत हो.' मग म्हणाल्या, 'मला वाटलं होतं, भीती वाटेल. नाही वाटत. जागणारा देव जागा आहे.'"

नर्सने चष्मा काढून पुसला. "मग त्या आपल्या हाताकडे बघायला लागल्या, आणि तुमच्या डोक्याकडे. हात उचलत नव्हता त्यांना. मी उचलून ठेवला. मग मी तिथेच थांबले, शेवटपर्यंत. तुम्हाला हलवलं नाही, कारण त्यांनी नको म्हटलं होतं. माझं चुकलं असेल तर माफ करा."

"हात तिने ठेवला?" बाबांनी विचारलं.

"त्यांनीच."

"मला वाटत होतं, मीच झोपेत ओढून घेतला." बाबांनी स्वतःच्या डोक्यावर हात नेला, त्या जागी, आणि तिथेच धरून उभे राहिले. "मी त्याला म्हणत होतो माझे डोळे उघडे ठेव. मला वाटलं, सगळं माझ्या डोळ्यांवर टांगलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वेडाच आहे मी. तिला भीती वाटू नये, एवढंच हवं होतं ना? मग ते झालं की गं. माझ्यावाचून झालं."

त्यांचा चेहरा मला बघवेना. त्यांना बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. त्यांची बायको गेली होती आणि तिचा निरोप घेताना ते झोपले होते, हे काही बदललं नव्हतं. पण ते आत चालायला लागले. मधल्या वाटेने सगळ्यांसमोरून गेले, शवपेटीपाशी क्षणभर थांबले, ऑर्गनच्या मागे वळले, आणि त्यांचा आवाज आला, "ऊठ रे बाबा, ती माझी जागा आहे."

पाळकांची प्रार्थना सुरू झाली. त्या दिवशी तरी आटोपती घेतील असं वाटलं होतं, पण कुठलं काय. आईसाठी, आमच्यासाठी, आजाऱ्यांसाठी, विधवांसाठी, सगळ्या दुःखितांसाठी. प्रवासाला निघालेल्यांसाठी म्हणताना त्यांनी एकदा शवपेटीकडे बघितलं, आणि मग "आमेन" झालं. सगळे उभे राहिले. आईचं आवडतं गाणं होतं. पाळकबाईंनी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले.

ऑर्गनमधून पोट बिघडल्यासारखा एक आवाज निघाला आणि विरून गेला.

चर्चमध्ये कुणी हसलं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. पाळकबाई गोंधळून इकडेतिकडे बघायला लागल्या. त्यांना कुठे माहीत होतं काय करायचं ते. ज्या पायाला माहीत होतं तो त्या पेटीत होता. सगळं चर्च वाट बघत उभं राहिलं, आणि मला कळलं की आपण सगळे कसली वाट बघतोय.

मी बाक सोडून पुढे गेले. पाळकबाईंच्या शेजारी उभी राहिले, आणि माझ्या ड्यूटीच्या बुटाच्या टोकाने त्या फळीवर दोनदा मारलं. ठक, ठक. फळीवर तिथे रंग उडालेला होता, आईच्या पायाने उडालेला.

"जागाच आहे गं!" बाबा मागून ओरडले.

पुढे काही ऐकू आलं नाही. दांडाही हलला नाही. मला माहीत होतं तिकडे काय झालं असेल. सवयीने ओरडले असतील, आणि मग आठवलं असेल.

मी बोळकांडीत शिरले. ते स्टुलावर बसले होते, दांडा दोन्ही हातांनी धरलेला, डोळ्यांत अजून झोप आणि गालांवरून घळाघळा पाणी.

"मला वाटलं..." ते म्हणाले.

"मी होते, बाबा."

"बरोबर तिच्यासारखंच मारलंस."

त्या दुपारी वॉर्डात जे बोलले होते, त्यातला एकही शब्द परत घेता येत नव्हता. बाबांनी नाक पुसलं, पाय रोवले आणि दांडा खाली दाबला. भात्यात हवा भरल्याचा आवाज आला. बाहेर मंडळी गायला लागली, पाळकबाई चुकत चुकत त्यांच्या मागे धावल्या.

"जा तू, बाकावर बस," बाबा म्हणाले. "मी जागा आहे आता."

"नसलात तरी चालेल," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातांशेजारी दांड्यावर हात ठेवले.